कागदावर कोणी दमत नाही

मॅडम अहवाल पायांनी तपासायच्या. हे कोणाला अतिशयोक्तीचं वाटेल, पण त्यांच्यामागे चालून आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांचे पाय दुखलेले आहेत. नव्या अणुभट्टीला परवाना देण्याआधी तिची सुरक्षितता तपासणाऱ्या समितीवर त्या होत्या, आणि आम्ही एका लहान अणुभट्टीचा आराखडा करणारी पुण्यातली मंडळी. शेकडो पानांचा गठ्ठा पुढे ठेवला की त्यातल्या एखाद्या वाक्यावर त्या बोट दाबून धरायच्या आणि म्हणायच्या, "चला, चालून बघू." मागून आम्ही त्यांना 'चालून-बघू मॅडम' म्हणत असू. त्यांना ते ठाऊक होतं.

त्या मूळच्या नागपूरच्या. एरवी बोलणं अगदी पुस्तकी, पण चिडल्या की "काय सांगून राहिले तुम्ही?" असं बाहेर पडायचं. कर्वेनगरच्या त्यांच्या घरात बुद्धाच्या तसबिरीखाली एक जुना हातोडा ठेवलेला असे. तो त्यांच्या वडिलांचा. ते रेल्वेत रोज रूळ ठोकून तपासत मैलोन्‌मैल चालायचे. "बाबांनी घरी बसून 'रूळ ठीक' लिहिलं असतं तर गाडी येईपर्यंत कोणाला कळलं असतं?" असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या.

वारज्याच्या एका शेडमध्ये आम्ही प्लायवूडची नकली अणुभट्टी उभी केली होती. खोल्या, जिने, दारं सगळं खऱ्या मापाचं. अणुभट्टी बंद केली तरी तिची आच लगेच जात नाही, तिला पाणी मिळत राहावं लागतं. सगळी वीज गेली तर एका माणसाने नियंत्रण कक्षातून धावत जाऊन व्हॉल्व्हचं चाक हाताने फिरवायचं, अशी माझ्या आराखड्यात सोय होती. दहा मिनिटांत हे होईल, असं मी लिहिलं होतं. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा; स्वतः सहा मिनिटांत करून दाखवलं आणि जरा ऐटीतच परत आलो.

मॅडमनी माझ्या स्पोर्ट्स शूजकडे पाहिलं. मग शेडमधले दिवे घालवायला लावले, जाड बूट आणि धुरात घालायचा मुखवटा चढवला, टॉर्च घेतला आणि साठी उलटलेली ती बाई दुखऱ्या गुडघ्याने स्वतः निघाली. जिन्याच्या चौथ्या पायरीवर त्या बसल्या. मी पुढे धावलो तर मुखवट्याआडून आवाज आला, "घड्याळ चालू ठेवा." चाकापाशी पोचेपर्यंत दहा मिनिटं कधीच उलटून गेली होती.

"मॅडम, तुमच्याइतकं हळू कोण चालणार आहे?" मी चिडून विचारलं.

"ही भट्टी साठ वर्षं चालवणार ना तुम्ही? मग तुमचा माणूस साठ वर्षं सत्तावीसचाच राहणार का? अहो, कागदावर कोणी दमत नाही."

परवाना लांबला. आमचे साहेब म्हणाले, "मॅडमना एकदा मॅरेथॉनला उभं करू, म्हणजे आपण सुटू." मला मात्र हसू येत नव्हतं. सहा महिने खपून मी चाक जिन्याच्या अलीकडे, पहिल्याच दाराशी आणलं. तेवढ्यात मॅडम आजारी पडल्या. समितीने कागद त्यांच्या घरी पाठवायला सांगितले आणि ते काम माझ्याकडे आलं. "सही घेऊनच या," साहेबांनी बजावलं. "या वेळी अडकलं तर आराखडा दुसऱ्याच्या हातात जाईल."

मॅडम पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. मनगटं पार बारीक झाली होती. त्यांनी नकाशा नीट पाहिला, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "मला आता जमायचं नाही. तुम्ही चाललात ना?"

"हो" म्हटलं असतं तर सही मिळाली असती. तो शब्द अगदी ओठांवर आला होता.

"चाललो. पण दिवे लावून," मी म्हणालो.

त्यांनी टोपण लावलं. "मग उद्या या."

दुसऱ्या दिवशी मी दिवे घालवले, मुखवटा चढवला आणि निघालो. दार उघडून आत गेलो, तर चाक सापडेना. भिंतीवरून हात फिरवून दमलो. दिवे लावल्यावर दिसलं, उघडलेलं दार बरोबर चाकावर जाऊन टेकत होतं; उजेडात मी ते सवयीने मागे लोटून देत होतो, म्हणून लक्षातच आलं नव्हतं. एवढा मोठा गाढवपणा मी सहा महिने मन लावून काढला होता.

संध्याकाळी त्यांना सांगितलं. वाटलं होतं, बोलणी बसतील. पण मी पेढे आणल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला. "सांगितलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या, आणि नकाशावर लिहिलं, 'उघडे दार चाक झाकते. मान्य नाही.' खाली सही केली. साहेबांपुढे सहीचा कागद ठेवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला. आराखडा मात्र त्यांनी माझ्याकडेच ठेवला.

तीन आठवड्यांनी मॅडम गेल्या. आम्ही दार दुसऱ्या बाजूला उघडणारं केलं, परवाना मिळाला. त्यावर मॅडमच्या जागी दुसऱ्या कोणाची तरी सही आहे. मला त्यांची फार आठवण येते, आणि खरं सांगायचं तर अजून थोडी भीतीही वाटते. नव्या नकाशावर सही करायची वेळ आली की मी आधी टोपण लावतो आणि शेडमधले दिवे घालवायला सांगतो.