पाण्यातला हात

क्रूझवाल्यांनी बेटाजवळ आम्हाला शिडाच्या बोटीत बसवलं आणि स्नॉर्कलिंगसाठी प्रवाळांपाशी नेलं. अंगात लाइफ जॅकेट होतं, पण मला पोहता येत नाही. मास्क चढवताना मी त्याचा पट्टा तीन-तीनदा तपासला. नवरा म्हणाला, "घाबरतेस काय? मी येतोय ना बरोबर!" लग्नापासून त्याच्या अशा 'मी आहे ना'वर मी कुठंकुठं डोळे मिटून उतरले आहे!

मास्कमधून शेजारचं काही दिसत नाही. पाण्यात उतरले आणि एक हात माझ्या हातात आला. खाली प्रवाळांमधून पिवळे मासे सळसळत होते. कासव दिसलं तेव्हा मी तो हात दोनदा दाबला. त्यानंही दोनदा दाबला. कितीतरी वर्षांनी आम्ही न बोलता बोलत होतो. मास्कच्या आतच माझे डोळे भरून आले.

सोबत म्हणजे तरी काय असतं? बरोबरचं माणूस आपण रोज कुठं निरखून बघतो? हातात हात लागला की चेहरा आपणच लावून टाकतो.

बोटीपाशी डोकं वर काढलं, तर हात बोटीवरच्या गाईडचा होता. "मॅडम, शिडी धरा आता," तो म्हणाला. नवरा वर सावलीत, कोरड्या कपड्यांत शहाळं पीत बसला होता.

"तू उतरलाच नाहीस?"

"अगं, पाणी गार वाटलं. आणि मी होतोच की इथं!"

त्यानं वरून हात पुढं केला. मी शिडी धरून वर आले.