कांडपवालीच्या पोराचं दुपटं

“बारशाला त्या घरातून एखादं टोपडं तरी आलं का?” मी विचारलं.

साक्षीच्या पिंजऱ्यात ठकी उभी होती, कडेवर सात महिन्यांचं पोर. ती खाली बघत राहिली. मला वाटलं, केस खिशात.

ठाण्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टातली ही गोष्ट. ठकी कल्याणजवळच्या खाडीकाठच्या गावातली, तरुणपणीच नवरा गेलेली. घरोघर भात कांडून पोट भरायची. तिचं म्हणणं, हे पोर दामोदरपंतांचं; त्यांच्याही घरी ती कांडपाला जायची. दामोदरपंत कल्याणला रेल्वेच्या मालगोदामात क्लार्क, आणि माझे अशील.

कायदा सोपा आहे. लग्नाचं असो वा नसो, बापानं पोराच्या पोटापाण्याला दरमहा काही द्यायचं. त्याला पोटगी म्हणतात. पण बाप कोण, हे आईनं शाबीत करायचं. ठकीला भावानं घराबाहेर काढलं होतं. पोर झाल्यापासून कांडपालाही कोणी बोलवेना. केस हरली असती तर त्या पोराच्या तोंडात काय पडलं असतं, देव जाणे. मी तेव्हा तो विचार केला नाही. दामोदरपंतांनी जानव्याला हात लावून सांगितलं होतं, “वकीलसाहेब, मी त्या बाईशी कधी बोललोसुद्धा नाही.” इंग्रजी शिकलेला, पगडी नीट बसवणारा माणूस. मी विश्वास ठेवला.

उलटतपास म्हणजे समोरच्या साक्षीदाराला प्रश्न विचारून खोटं पाडणं. मी ठकीला नको नको ते विचारलं. कोणाकोणाच्या घरी जातेस, तिथे पुरुष माणसं कोण असतात, त्यांच्याशी काय बोलतेस. ती मान खाली घालून उत्तरं देत होती. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

“बोल,” मी म्हणालो. “आलं का काही?”

“त्यांच्या घरच्या म्हातारीनं शपथ घातलीय. कोनाला सांगू नको बोलली.”

मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले, “बाई, इथे खरं सांगायची शपथ घेतलीस ना? मग सांग.”

“टोपडं नाय आलं. दुपटं आलं. हे काय, याच्या अंगावर हाय.”

मी हसलो. कांडपाच्या बायकांना जुनेरं सगळेच देतात, त्यात काय एवढं? तसं मी कोर्टाला सांगितलंसुद्धा. शिवाय माझ्याकडे भारी साक्षीदार होता. दामोदरपंतांच्या मातोश्री, भागीरथीबाई, बाहेर व्हरांड्यात बसल्या होत्या. साक्षीदाराला पाळी येईपर्यंत आत बसू देत नाहीत, त्यामुळे ठकी काय बोलली ते त्यांना माहीत नव्हतं. कांडपाच्या वेळी मुलगा घरात नसे, एवढंच त्यांनी सांगायचं होतं.

त्या आल्या. सोवळ्या बाई, डोक्यावरून विधवेच्या तांबड्या आलवणाचा पदर. मी काही विचारायच्या आत साहेबांनी दुपटं दाखवलं. “हे तुम्ही दिलंत?”

“दिलं.”

मी घाईघाईनं सावरायला गेलो. “कामाच्या बायकांना तुम्ही जुनी लुगडी देताच ना?”

“देते की. पण ती तशीच देते, शिवून नाही देत. दुपटं नातवंडाला शिवतात.” दुपट्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “हे माझं चौकड्याचं लुगडं. आमचे हे गेले तेव्हापासून पेटीत होतं. मला आता नेसायचं नाही, आणि कांडपवालीला द्यायचं असतं तर इतकी वर्षं ठेवलं असतं का?”

वीस वर्षांच्या वकिलीत माझ्याच साक्षीदारानं असं मला कधी उताणं पाडलं नव्हतं. मी दामोदरपंतांकडे बघितलं. ते वर बघेनात. जानव्याला हात लावून हा माणूस माझ्यासमोर धडधडीत खोटं बोलला होता, आणि त्याच्या शब्दावर मी एका बाईला भर कोर्टात ओरबाडलं होतं.

“तुम्हाला कसं कळलं?” साहेबांनी विचारलं.

“मुलगा माझा आहे. मला कळायला कोर्टात कशाला यावं लागतं?”

हुकूम झाला. दरमहा चार रुपये, पोर कमावतं होईपर्यंत.

व्हरांड्यात दामोदरपंत आईवर फुटले. “आई, तू मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस.” मला म्हणाले, “वकीलसाहेब, अपील करू.”

“दुसरा वकील बघा,” मी म्हणालो.

भागीरथीबाई आमच्याकडे बघतही नव्हत्या. त्या सरळ ठकीकडे गेल्या आणि दोन्ही हात पुढे केले. सोवळ्यातली बाई, भर कोर्टाच्या दारात. पक्षकार, शिपाई, कारकून, सगळे बघत राहिले. ठकी बिचकून मागे सरली.

“आई, अगं विटाळ होईल,” दामोदरपंत म्हणाले.

“घरी जाऊन आंघोळ करीन,” त्या म्हणाल्या, आणि पोर उचलून घेतलं.

तेव्हापासून अशिलाची बाजू ऐकली की मी आधी त्याच्या आईला भेटून येतो. फी थोडी बुडते. पण झोप लागते.