पाटीसमोरचे मामा

भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि मी स्वतःही काही मोठा शूरवीर नाही. पण भीती हाच ज्यांनी जन्मभर मन लावून केलेला एकमेव व्यासंग, असे गृहस्थ आमच्या सबंध गोतावळ्यात एकच: माझे मामेसासरे. बायकोचे हे मामा कित्येक वर्षं जर्मनीत, ड्रेस्डेनमध्ये आहेत, आमच्या घराजवळच. नोकरी केली ती कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात, धुळीचा एक कण शिरला तरी माल वाया जाईल अशा खोलीत. म्हणजे भिण्याचा पगार घेणारा हा माणूस. ट्रेनमध्ये ते आधी संकटकाळच्या दाराशेजारी बसतात आणि मग तेच दार चुकून उघडेल म्हणून तिथून उठतात. एल्बे नदीवरचा पूल ओलांडताना बोलत नाहीत. फिनान्झआम्टचं, म्हणजे तिथल्या आयकर खात्याचं, पाकीट आलं तर आधी देवापुढे ठेवतात, हात जोडतात आणि मगच फोडतात. एकदा त्यातून निघालं काय, तर त्यांच्या आडनावाचं स्पेलिंग दुरुस्त केल्याची सूचना. तरी त्या रात्री ते जेवले नाहीत.

या सगळ्या भीतींची महाराणी म्हणजे दृष्ट. मूल वर्षाचं होईपर्यंत त्याचा फोटो काढायचा नाही, हा मामांचा कायदा. आमचा मुलगा झाला तेव्हा मी हौसेनं त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. थोड्याच वेळात मामा दारात. कोटाच्या एका खिशात मीठ-मोहऱ्या, दुसऱ्यात लाल मिरच्या. बाळावरून ओवाळून त्यांनी ते सगळं तापल्या तव्यावर टाकलं मात्र, आमच्या छतावरच्या राउखमेल्डरनं, धूर हुंगणाऱ्या यंत्रानं, असा टाहो फोडला की खालच्या आजीबाई स्लिपर घालून, फायर ब्रिगेडला फोन लावण्याच्या तयारीनं वर आल्या. मामा मात्र शांत. मी त्यांना निर्भय असं पाहिलं ते तेवढंच एकदा. "जावईबापू, ठसका लागला का कुणाला?" त्यांनी विजयी मुद्रेनं विचारलं. "नाही ना? बघा केवढी दृष्ट होती! यंत्र ओरडलं, पण माणूस खोकला नाही." मी खिडकीत नाकाला रुमाल लावून उभा होतो, ते मी त्यांना सांगितलं नाही.

मामी गेल्या, मामा निवृत्त झाले, केतकी, त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन आपल्या घरी गेली. एवढी कमावलेली भीती रिकामी कशी बसणार? शहराबाहेरच्या एका लहानशा श्लोसमध्ये, म्हणजे जुन्या सरदाराच्या महालात, शनिवार-रविवारी चित्रांवर लक्ष ठेवायचं काम मामांनी धरलं. कुणी चित्राच्या जरा जवळ गेलं की हे "बिटे! बिटे!" अशी विनवणी करत धावायचे, आणि तरीही न ऐकणाऱ्याला थेट मराठीतून "अहो, हात मागे घ्या!" म्हणायचे. मराठीचा परिणाम जास्त होई.

त्या महालाचा मूळ मालक होऊन गेला त्याला तीन-चारशे वर्षं झाली, पण मामा त्याच्याबद्दल बोलायचे ते सोयरिकीतल्या माणसासारखं. आमचे सरदार, धाकट्या सरदारीणबाई, वाया गेलेला थोरला. सरदार मोठा संग्राहक होता म्हणे. चित्रं, शंखशिंपले, चांदीत मढवलेली शहामृगाची अंडी आणि विष ओळखतं अशी समजूत असलेलं एक लांबलचक शिंग, सगळं त्यानं जमवलं. लोक म्हणत, केवढा रसिक! मामांना ते पटत नसे. "आल्झो, म्हणजे असं बघा, शौकीन नव्हता हो तो. घाबरट होता. भीती वाटली की खरेदी करायचा. विषाची वाटली, शिंग घेतलं. पहिली बायको बाळंतपणात गेली, संतांची चित्रं घेतली. साथ आली, लढाई आली, आणखी घेतली." हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, की आपल्या जातीचा माणूस इतक्या वर्षांपूर्वी, तोही जर्मनीत, सापडल्याचा आनंद लपत नसे. थोरल्या मुलानं पुढे यातलं बरंच विकून खाल्लं, त्याचं मामांना स्वतःच्या घरातलं गेल्यासारखं दुःख होतं.

धाकट्या बाईंना मुलं पुष्कळ झाली, जगली थोडी. प्रत्येकाचं चित्र सरदारानं काढून घेतलं होतं. त्या रांगेत शेवटी एक चिमुरडी आहे. टपोरे गाल, हातात चांदीचा खुळखुळा, गळ्यात पोवळ्यांची माळ. "पोवळी कशाला माहीत आहे? दृष्ट लागू नये म्हणून! यांच्यातही होतं हो!" मामा मला दर वेळी नव्यानं सांगत. येणारे-जाणारे विचारत, हिचं पुढे काय झालं? मामा हसून सांगत, "मोठी झाली, लग्न झालं, लांब दिली. सुखात होती." हे सांगताना ते नेहमी भिंतीला पाठ लावून, चित्राखालच्या पाटीसमोर उभे असत. एकदा ते पाणी प्यायला गेले तेव्हा मी पाटी वाचली. चित्र पुरं झालं आणि काही आठवड्यांतच ती मुलगी गेली होती. मामा परत आले, पुन्हा पाटीसमोर उभे राहिले. मी खुळखुळ्याच्या नक्षीचं कौतुक केलं.

केतकीला मुलगी झाली ती वेळेच्या फार आधी. तिचा नवरा कंपनीच्या कामानं पुण्याला गेलेला, परतीच्या विमानात होता. केतकीचं ऑपरेशन झालेलं, अंगात ताप, तिला उठायची परवानगी नव्हती. बाळ दुसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत. मामा आणि मी पेटीजवळ उभे होतो. एवढासा जीव, त्याला इतक्या नळ्या. मला खरीखुरी भीती वाटत होती, आणि आयुष्यभराचा अनुभव असलेला माणूस शेजारी उभा असून त्याचा काही उपयोग नव्हता. मामा तर नुसते पांढरेफटक. तेवढ्यात नर्सबाईंनी हळूच विचारलं, आईला दाखवायला बाळाचा फोटो काढायचा का?

"नाइन! नाही!" मामा इतक्या जोरात म्हणाले की नर्सबाई दोन पावलं मागे सरल्या. लगेच स्वतःच घाबरून "एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग" करत माफी मागू लागले.

त्याच वेळी माझ्या फोनवर केतकीचा निरोप आला: "जिजू, बाबा नको म्हणतील, माहितीये. पण मला तिला बघायचंय." मी फोन तसाच मामांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि भिंतीजवळच्या स्टुलावर बसले.

"ती पाटी वाचलीत ना तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"हो, मामा."

"मी पहिल्याच दिवशी वाचली. तेव्हापासून मला वाटायचं, सरदार तिथेच चुकले. चित्र काढलं, जगाच्या नजरेसमोर पोर टांगली, म्हणून गेली." ते पेटीकडे बघत होते. "आज कळतंय हो. चित्रामुळे नाही गेली ती. ती जाईल असं त्यांना वाटलं असणार. बाप घाबरला होता. पोर राहते न राहते, निदान चेहरा तरी राहावा." मग उठले, माझी बाही घट्ट धरली आणि तोंड दुसरीकडे फिरवून म्हणाले, "काढा."

त्यांनी बाही ओढून धरल्यानं फोटो जरा हलला. केतकीनं तो पाहिला, खूप रडली आणि म्हणाली, "नाक अगदी बाबांचं आहे." मामांना लगेच त्या नाकाची काळजी लागली.

पोर जगली. कितीतरी दिवस त्या पेटीत काढून घरी आली आणि आता किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, दंगा करते. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. तो हललेला फोटो मामांच्या बैठकीच्या खोलीत आहे आणि त्यातल्या बाळाच्या गालावर मामांनी बॉलपेननं काळी तीट काढली आहे. "ओपा, दा इस्ट ड्रेक!" आजोबा, इथे घाण आहे, म्हणत ती तीट नखानं खरवडायला जाते. धुळीच्या कणाशी जन्मभर वैर केलेला माणूस तिचा हात धरून म्हणतो, "असू दे गं. तेवढी घाण राहू दे."

हल्ली मामांना फार वेळ उभं राहवत नाही. श्लोसवाल्यांनी त्यांना खुर्ची दिली आहे, आणि ती त्यांनी बरोबर पाटीसमोर लावून घेतली आहे. मागच्या रविवारी आम्ही सगळे गेलो होतो. नात पोवळ्यांच्या माळेकडे टक लावून बघत राहिली, मग तिनं विचारलं, ही आता कुठे आहे? "मोठी झाली," मामा म्हणाले, "लग्न झालं, लांब दिली. सुखात होती." म्हणता म्हणता त्यांनी नातीच्या कानामागची तीट बोटानं चाचपून पाहिली. तिला काही ते पटलं नसावं. ती माझ्याकडे वळली. "श्टिम्ट दास?" खरं का हे?

"गेनाऊ," मी म्हणालो, "अगदी खरं."

ती अजून लहान आहे, पण हुशार आहे. ट्रामच्या पाट्यांवरची अक्षरं हल्ली लावायला लागली आहे. मामा त्या खुर्चीत आहेत तोवर ठीक. पुढे एखाद्या रविवारी खुर्ची रिकामी असेल आणि तिला वाचता येत असेल, त्या दिवसाची मला आत्तापासून भीती वाटते.