जिवंत वाघ, सहा आणे

आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. ही बढाई नव्हे. बढाईच मारायची असती तर नागपूरहून बी.ए. होऊन आलो तेव्हा बाबांनी बैलांच्या शिंगांना झेंडू बांधून मला गावभर कसं मिरवलं, तेही सांगितलं असतं. सांगायचं ते एवढंच, की घरात शिकलेला एकच असला की गावातली सगळी अक्षरं त्याच्या गळ्यात पडतात. औषधाची बाटली, कोर्टाचा कागद, सिमेंटच्या पोत्यावरचा शिक्का, सगळ्याला एकच हाक: वाच बाबू. आणि वर्षातून एकदा, शिवरात्रीच्या जत्रेत, प्रदर्शनाचा बोर्ड.

जत्रा वैनगंगेच्या वाळूत भरायची. मी तेव्हा चामोर्शीला शाळेत मास्तर होतो, गाव तिथून जवळच. देवळात महादेव फुकट भेटायचा, त्यामुळे तिथे फारशी तक्रार नसे. पण पलीकडे बांबूच्या तट्ट्यांचं कुंपण घालून एक ठेकेदार ‘प्रदर्शन’ मांडायचा, आणि त्याला तिकीट होतं. पहिल्या वर्षी चार आणे. फाटकावर रंगवलेला मोठा बोर्ड: आकाशपाळणा, मौतचा कुवा, आरसेमहाल, धडाविना बोलणारी स्त्री, पाच पायांची गाय, आणि सगळ्यांत खाली लाल अक्षरांत, जिवंत वाघ.

आता चांदा जिल्ह्यात जिवंत वाघाचे पैसे घेणं म्हणजे कमालच. आमच्याकडे वाघ गावच्या शिवेवर येऊन बैल उचलून न्यायचा, एका पैशाची अपेक्षा न ठेवता. अहेरीकडच्या माणसाला विचारलं असतं तर त्यानं उलट ठेकेदाराकडेच पैसे मागितले असते. पण लोक आत गेले. बाबाही गेले. बाहेर येऊन म्हणाले, “आपल्याकडचा पाहून वापस येनं होईल का नाई, सांगता येत नाई. हा पाहून जेवाले घरी येता येते. चार आने त्याचे हायेत.”

हिशेब बरोबर होता. पहिल्या वर्षी सगळंच बरोबर होतं. पाळणा फिरला, मोटरसायकलवाला कुव्याच्या भिंतीवर आडवा झाला, धडाविना बाईनं लोकांच्या मनातलं सांगितलं.

दुसऱ्या वर्षी तिकीट पाच आणे झालं आणि गाईचा पाचवा पाय गेला. आमच्या लोकांना गाय दाखवायची म्हणजे सोनाराला सोनं दाखवण्यासारखंच. एका म्हाताऱ्यानं खांद्यावरचा तो पाय नुसता हातानं चाचपला, तर तो त्याच्या हातातच आला. पुढे ती गाय चार पायांवरच उभी राहिली, कुंपणाच्या आत, तिकीट लावून. गाय पाहायला पैसे मोजणारा आमचा तालुका पहिलाच असावा. तिसऱ्या वर्षी मोटरसायकलवाला पळून गेला, आणि त्याच्या जागी एक इसम कुव्याच्या तळाशी सायकल फिरवायचा. मौत उठून गेली, कुवा राहिला. धडाविना बाईनं त्या वर्षी रजा घेतली, कारण तिला मूल झालं. हे कसं झालं, असं विचारणाऱ्याला ठेकेदार म्हणाला, “विज्ञानाचा चमत्कार.” तिकीट सहा आणे.

बोर्ड मात्र तसाच राहिला. एक अक्षर कमी झालं नाही. उलट रंग नवा दिला होता.

त्या तिसऱ्या वर्षी आमच्या घरचं एक काम त्या जत्रेत अडकलं होतं. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न.

आमच्याकडे तेव्हा मुलगी पाटावर बसवून दाखवण्याची पद्धत फारशी नव्हती. मुलाकडचे जत्रेला पाहुणे म्हणून येत, मुलीकडच्यांनी त्यांना जेवू घालायचं, जत्रा दाखवायची, आणि पाहुणे मुलीला चालताना, बोलताना, खाताना पाहून घ्यायचे. होकार-नकार कोणी तोंडानं सांगायचा नाही. परतताना मुलाकडचे मनियाराच्या दुकानाशी थांबले आणि मुलीच्या हातात बांगड्या भरल्या, की जमलं. रेवड्यांचा पुडा हातावर ठेवला, की रामराम. ओशाळायचं कोणालाच कारण उरत नसे. फक्त रेवड्या कोणी खात नसे.

आमच्या घरी दोन वेळा रेवड्या आल्या होत्या. दोन्ही वेळेला कारण एकच, बहिणीचं तोंड. पहिल्या पाहुण्यांनी विचारलं होतं, “सैपाक येते का, बाई?” ती म्हणाली होती, “येते. तुमाले जेवता येते ना?” दुसऱ्यांच्या वेळी काय म्हणाली ते मायनं आजवर मला सांगितलं नाही.

पण या खेपेला गोष्ट निराळी होती. आरमोरीकडचं स्थळ होतं, धानाची शेती, मुलगा एकुलता. बहिणीनं त्याला एका लग्नात पाहिलं होतं. पंगतीत तो वाढत होता, तेव्हा तिनं त्याला “हात आखडला का तुमचा?” असा टोमणा मारला, आणि तो रागवायचा सोडून हसला. घरी येऊन ती मायला म्हणाली, “या वेळी रेवड्या नाई पायजे मले.” आमच्या घरात मुलीनं एवढं बोलणं म्हणजे ढोल वाजवण्यासारखंच होतं. म्हणून मायनं तिला देवळापाशी बजावलं, “सूर्य बुडेपर्यंत तोंड उघडाचं नाई. पदर घे अन् मान हालव.”

“अन् शिंक आली त?”

“गीळ.”

मुलाचा बाप म्हणजे पंचक्रोशीत चिवट म्हणून नावाजलेला माणूस. पैसा दिला की त्याच्या मोबदल्यातला दाणा न् दाणा वसूल करणारा. तो, मुलगा, बाबा, बहीण आणि मी, असे आम्ही कुंपणापाशी आलो. माय पाहुण्यांच्या जेवणासाठी वाळूत मांडलेल्या चुलीपाशी थांबली. मुलाच्या बापानं बोर्डाकडे हनुवटी केली.

“वाचा मास्तर.”

मी वाचला. खणखणीत वाचला, सगळा. शिकलेल्या माणसाला छापलेल्या, रंगवलेल्या अक्षराविषयी एक आदर असतो, आणि नवा रंग पाहून मला वाटलं, या वर्षी ठेकेदारानं सामान सुधारलं असेल. शिवाय पाहुण्यांसमोर ‘यातलं अर्धं खोटं आहे’ म्हणून कसं सांगणार? जत्रा आमची, पाहुणे आमचे.

तिकिटं मी काढत होतो, पण त्यानं माझा हात धरला. “आपलं आपन काढून राह्यलो, मास्तर. मंग बोलाले मोकळा राहातो मानूस.”

मी आमची तिघांची काढली.

आत गेलो. पाळणा होता, पण त्याचे दोन झोके काढून ठेवले होते, म्हणून तो एका बाजूनं जड होऊन वर जाऊन अडकायचा, आणि गडी दोर लावून तो ओढायचे. वर बसलेले लोक देवाचं नाव घेत होते. मुलाच्या बापानं तोंड वर करून विचारलं, “काय गा, कसं वाटते?” वरून एकजण ओरडला, “खाली उतरवाले सांगा ना बाप्पा!”

“पैसे वसूल होऊन राह्यले त्याचे,” मुलाचा बाप मला म्हणाला. “आकाश म्हनलं होतं, आकाशात हाय.”

आरसेमहालात एकच आरसा उरला होता. त्यात माणूस आडवा दिसायचा. मुलाच्या बापानं त्यात स्वतःकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “हा त आमच्या न्हाव्याकडेबी हाय.” धडाविना बाई धडासकट चुलीपुढे बसली होती, मूल मांडीवर. गाईपाशी पोचलो तेव्हा त्यानं तिच्या पाठीवर थाप मारली, दात पाहिले, कास पाहिली, आणि विचारलं, “दूध किती देते?” गायवाल्याला हा प्रश्न तीन वर्षांत कोणी विचारला नसावा. तो गोंधळून म्हणाला, “ही प्रदर्शनाची हाय.”

“मंग पाचवा पाय कुठी हाय?”

बाबा माझ्याकडे पाहू लागले. मी आभाळाकडे पाहू लागलो. मुलगा, म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं, तो बहिणीकडे पाहून ओठ दाबत होता. आणि बहीण, पदर नाकापर्यंत ओढून, नुसती मान हलवत होती. इतकी मुकाट मी तिला तापातसुद्धा पाहिली नव्हती.

“मास्तर,” मुलाचा बाप म्हणाला, “तुमी वाचलं ते कोन्त्या गावचं होतं?”

उरला वाघ.

वाघाच्या पिंजऱ्याशी दर वर्षी एक गंमत व्हायची. आमचे लोक पिंजऱ्याजवळ आले की आपोआप चपला काढत. गावोगाव शिवेवर शेंदूर लावलेला वाघोबा बसलेला. धान निघालं की आधी त्याला नैवेद्य. मग समोर खराखुरा आल्यावर पायात वहाणा ठेवून कोण उभं राहणार? लोक चपला काढून हात जोडत, कोणी नारळ आणत, एक बाई तर दर वर्षी कुंकू घेऊन यायची. ठेकेदार आधी चिडला, मग शहाणा झाला. त्यानं तिथे एक माणूस बसवला आणि चपला सांभाळण्याचे वेगळे पैसे लावले. सगळ्या प्रदर्शनात वाढत गेलेली तेवढी एकच सोय.

आम्हीही चपला काढल्या, पैसे दिले, पुढे गेलो.

वाघ पडून होता. पहिल्या वर्षी निदान येरझारा घालायचा. आता बरगड्या मोजता येत होत्या, आणि एका डोळ्यावर माश्या बसलेल्या. मुलाच्या बापानं हात जोडले. मग जोडलेले हात सोडून पिंजरेवाल्याला म्हणाला, “जिता हाय ना?”

“जिता हाय जी.”

“मंग समजलं पायजे ना. सहा आने घेतले बापा तुमी. डरकाळी त ऐकवा.”

पिंजरेवाल्यानं टोकदार बांबू उचलला आणि वाघाच्या फासळीत खुपसला. वाघानं कान हलवला. पुन्हा खुपसला.

“काऊन खुपसून राह्यला रे!”

पदर डोक्यावरून खाली आला होता. बहिणीनं गजांपाशी बांबू धरला होता. पिंजरेवाला ओढायला लागला, पण धानाच्या रोवणीत, चिखलात दिवसभर वाकणाऱ्या पोरीच्या हातातून बांबू ओढणं त्या पगारी माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. सोडला त्यानं. मग ती मुलाच्या बापाकडे वळली.

“अन् तुमी, मामाजी!” अजून बांगडी नाही, काही नाही, आणि ही त्याला सासरा ठरवून ‘मामाजी’! “शिवेवरच्या दगडाले शेंदूर लावता, हात जोडता, कोंबडं देता. अन् हा हाडामासाचा समोर हाय त त्याले सहा आन्यासाठी टोचाले लावता? चपला कायले काढल्या मंग? घाला त्या, अन् गाईचे दात पाहा!”

चपला सांभाळणारासुद्धा उठून उभा राहिला. बाबांनी डोळे मिटले. मी माझ्या बी.ए.च्या सगळ्या विषयांत शोधलं, पण अशा वेळी काय बोलावं ते एकातही नव्हतं.

 मुलाच्या बापानं चपला घातल्या आणि फाटकाकडे चालू लागला. फाटकापाशी ठेकेदार बसला होता. मला वाटलं, आता हा पैसे परत मागणार आणि जत्रेत आमची शोभा होणार. तो थांबलाही. बोर्डाकडे पाहिलं, ठेकेदाराकडे पाहिलं, आणि पुढे निघाला. पुढे रेवडीवाल्याचं दुकान होतं. तिथे तो पुन्हा थांबला. बाबा माझ्या दंडाला धरून उभे. त्यानं रेवडी उचलून तोंडात टाकली, चावली, “नरम हाय,” म्हणाला, आणि पुडा न घेताच पुढे निघाला.

त्यापुढे मनियाराचं दुकान.

“चाचा,” मुलाचा बाप मनियाराला म्हणाला, “या पोरीले बांगड्या भरा. मजबूत दाखवा. बांबू वढते हे.”

बहीण हात पुढे करेना. मुलगा हळूच म्हणाला, “करा ना पुढं. हात आखडला का तुमचा?” तेव्हा तिनं केला.

बांगड्या भरून होईपर्यंत मुलाचा बाप दुकानाच्या खांबाला टेकून उभा होता. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, “मास्तर, तुमच्या बोर्डातलं एकबी खरं नोहतं. पन डरकाळी ऐकाची होती ना मले. ऐकली.”

एवढं बोलून त्यानं मनियाराशी बांगड्यांच्या भावावरून वाद घातला, तो गाड्या जुंपेपर्यंत चालला.

पुढच्या शिवरात्रीला बहीण सासरच्यांबरोबर जत्रेला आली. मी फाटकापाशी भेटलो. तिकीट आठ आणे झालं होतं, आणि बोर्ड पुन्हा रंगवला होता. आतून बाहेर येणारा जो तो सांगत होता, वाघ पावसाळ्यातच मेला. तरी तिचे सासरे तिकिटासाठी रांगेत उभे. मी म्हणालो, “भाऊ, काऊन पैसे घालवता? आत काहीच उरलं नाही.”

“तेच त पाहाचं हाय,” ते म्हणाले. “काय काय कमी झालं, हे आत गेल्याबिगर सांगता येते का? मंग सालभर बोलाचं काय?”

मी बरीच पुस्तकं वाचली आहेत, तिकिटाचं इतकं सरळ समर्थन कुठे सापडलं नाही. मीही एक काढलं.

वाघाचा पिंजरा जागेवरच होता. रिकामा, दार उघडं, आत कोणीतरी कडबा रचून ठेवलेला. आणि चपला सांभाळणारा अजून तिथेच बसला होता. बहीण आली, पिंजऱ्यासमोर थांबली, आणि वाकून चपला काढल्या. त्या माणसानं सवयीनं हात पुढे केला. तिनं फक्त त्याच्याकडे पाहिलं. त्यानं हात मागे घेतला, आणि चपला आपणहून उचलून नीट बाजूला ठेवल्या.