भिंतीतला पहिला खिळा

समोरच्या वहिनींकडे सगळे फोटो जमिनीवर, भिंतीला टेकून उभे असत. नौदलातल्या नवऱ्याबरोबर त्यांचा सारा संसार सरकारी क्वार्टरांत झाला. बदली झाली की घर परत करताना भिंतीतली भोकंसुद्धा तपासली जात. इंदूरचा फ्लॅट स्वतःचा, तरी सवय सुटली नव्हती. साहेब सव्वीस जानेवारीला पदकं लावून सोसायटीला समुद्र समजावून सांगत, तेव्हा वहिनी मागे पोह्यांवर शेव घालत. त्या समुद्राबद्दल कधी बोलल्या नाहीत. कोचीच्या शेजारणींबद्दल मात्र तासन्‌तास बोलत.

साहेब गेले. मुलगाही नौदलातच, विशाखापट्टणमला. "आई, फ्लॅट विकू, तू इकडे ये," असा त्याचा रोज फोन. रविवारी तो न्यायलाच येणार होता.

शनिवारी वहिनी माझ्या दारात. "भिया," त्यांनी इंदुरी थाटात भाऊ म्हणून हाक मारली, "हथोडी आहे का?"

मी हातोडी घेऊन गेलो. खिळा त्यांनीच ठोकला, दोनदा बोट ठेचून घेतलं आणि साहेबांचा फोटो टांगला.

"वहिनी, तिरका झालाय."

"राहू द्या हो. उद्या पोरगा करेल सरळ. तेवढंच काम ठेवलंय त्याला इथे."