तिरक्या अक्षरांचा तुटवडा

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमारास डिचोलीत मानपत्रांचं पीक आलं होतं. मी शाळेत शिकवायचो आणि संध्याकाळी एका छापखान्यात प्रुफं तपासायचो. मानपत्रंही मीच लिहून द्यायचो. माणूस बदलला तरी विशेषणं तीच चालत.

छापखान्यात खिळे जुळवणारे मामा बेळगावकडचे. त्यांच्याकडे इंग्रजी इटालिक खिळ्यांची एकच पेटी होती, पणजीतल्या बंद पडलेल्या छापखान्यातून आलेली. अक्षरं सडपातळ, उजवीकडे झुकलेली, चांगल्या टाकानं लिहिल्यासारखी. एफची शेपटी शेजाऱ्याच्या अंगणात जायची आणि दाबाखाली तुटायची. आमच्या देवनागरीला डोक्यावर रेघ असल्यामुळे असं झुकणं शोभत नाही. इटालिकही शोभतं ते पुस्तकाच्या नावाला, एखाद्या ओळीला. मणगण्याची खीर वाटीत गोड लागते, पानभर वाढली की माणूस लोणचं शोधतो.

पण सत्कार समितीच्या अध्यक्षांना अख्खं इंग्रजी मानपत्र इटालिकमध्येच हवं होतं. त्यात भारदस्तपणा असतो म्हणे. मामांनी ते जुळवलं, प्रूफ पाठवलं, आणि अध्यक्ष पणजीला गेले ते सोमवारी परतणार होते. तोवर बांधलेला मजकूर सोडून खिळे परत पेटीत टाकता येईनात.

शनिवारी नार्व्याचे एक शेतकरी लग्नपत्रिकेसाठी आले. सोमवारी सकाळी पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची, मगच बाकीची आमंत्रणं. पत्रिकेच्या मराठी बाजूची अडचण नव्हती. इंग्रजी बाजूसाठी मामांनी साधी, उभी अक्षरं दाखवली.

"चलयेक हींच जाय," त्यांनी खिशातून मुलीच्या मैत्रिणीची पत्रिका काढली. मुलीनं इटालिकवर खूण करून दिली होती.

मामा जुळवायला बसले. नवरीच्या नावापर्यंत आले आणि थांबले. लहान ई संपला होता.

"मास्तर, तुमच्या मानपत्रातली विशेषणं काढा की जरा. पोरीचं नाव अडलंय."

"अध्यक्ष काय म्हणतील?"

"ते वाचत्यात व्हय?"

मी प्रूफ पुढे ओढलं. 'एस्टीम्ड' या एकाच शब्दात चार ई अडकले होते, आणि तो शब्द तीनदा आला होता. तिन्ही काढले. 'बेनेव्हलंट'मध्ये आणखी तीन मिळाले. सत्कारमूर्ती खाणीवरचे कंत्राटदार होते, त्यामुळे मनाला फारसं लागलं नाही. मामा चिमट्यानं एकेक खिळा उपसून पत्रिकेत बसवत गेले. सोमवारी अध्यक्षांनी नव्या प्रुफावर सही केली आणि मजकूर भारदस्त झाल्याचं सांगितलं.

पत्रिका मात्र शनिवारीच छापून झाल्या. शेतकऱ्यांनी ओली पत्रिका दोन बोटांत धरली.

"चलयेचें नांव खंय?"

मी दाखवलं. त्यांनी पत्रिका थोडी तिरपी करून पाहिली.

"इल्लें वांकडें दिसता."

"नवरीचं नाव हाय," मामा हात पुसत म्हणाले. "लाजून वाकणारच की."

त्यांचं समाधान झालं. शाई वाळेपर्यंत ते बाकावर बसून राहिले आणि शेवटच्या बसनं पत्रिका घेऊन नार्व्याला गेले.