तिसरी हाक

परवा अक्का आजऱ्याहून कोल्हापूरला आली, ती करवंदं घेऊन. चिकानं बोटं चिकटली, आंबूस वास नाकात शिरला आणि मी थेट त्या कड्यावर जाऊन पोचले.

पंच्याण्णव साल असेल. मी सातवीत. सुट्टीत आम्ही दोघी बहिणी मामाच्या गावी होतो. गावामागच्या कड्यावरून खालचं सगळं कोकण दिसायचं. तिथून एक बाई दरीत पडली होती म्हणे, आणि ती भर दुपारी नाव घेऊन हाका मारते. मामीनं बजावलं होतं, "तिसऱ्या हाकेबिगर ओ द्यायची न्हाय."

त्या दुपारी अक्का करवंदांसाठी खालच्या जाळीत उतरली. सकाळी तिनं मला मामेभावांसमोर रडकी म्हटलं होतं, म्हणून मी वरच फुगून बसले.

"सुमे!" हाक आली. थोड्या वेळानं पुन्हा, "सुमे, ये की गं, पाय अडकलाय माझा!"

मी ओंजळीतली करवंदं खात राहिले. तिसरी हाक आलीच नाही. शेवटी खाली गेले, तर कपारीत पाय मोडून ती बेशुद्ध पडली होती.

"मला हडळ वाटली," मी घरी सांगितलं. अक्काला न्यायला जीप येईपर्यंत मामीनं मीठ-मिरच्या ओवाळून माझी दृष्ट काढली.

अक्का अजून लंगडते. परवाही माझ्या लेकीला कौतुकानं सांगत होती, "तुझी आई लई हुशार. भुताला फसली न्हाय."

हडळीचा पाय अडकत नाही, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी तेव्हासारखीच करवंदं खात राहिले.